दादांना सांग, पैज हरलो

शालन,

शेजारच्या सुहासशी माझी पैज लागल्ती, आठवतंय ना? त्याचं प्लायवूडचं रॉकेट गावच्या टाकीपेक्षा उंच गेलं, तर मी चौकात मिशी काढणार. ‘सुहासराव, पाट उडतो का कुठं?’ म्हणून लई पिडलं त्याला.

सकाळी त्याच्या दहाव्याला भावांनी मिशा काढल्या. मला कुणी न्हाव्यापुढं बस म्हणलं न्हाई. मी शेजारीच ना.

मग दुपारी माळावर त्याचं रॉकेट मीच उडवलं. टाकीच्या लई वर गेलं गं!

आता चौकात चाललोय, सगळ्या गल्लीसमोर मिशी काढायला. बाप जिवंत असताना मिशी काढली म्हणून दादा वरडतील. त्यांना सांग, पैज हरलो.

तू तिकडं येऊ नको. लोकं हसतील तवा मलाबी हसायचंय. तू दिसलीस तर जमणार न्हाई.

मच्छिंद्र