गुडघ्यांचं तेल

डोंबिवली, मंगळवार, १४ नोव्हेंबर १९८९

वन्सं आज कल्याणहून सकाळी सातलाच आल्या. मी गुडघ्यांना तिळाचं कोमट तेल चोळत बसले होते. दारातूनच म्हणाल्या, "अहो वहिनी, दादाला जाऊन वर्ष नाही झालं, आणि अंगाला तेल? कोणासाठी हा थाट?"

"गुडघ्यांसाठी," मी म्हटलं.

आमचा तिसरा मजला. जिना चढवेनासा झाला की हे घर विकून मला ठाण्याला नेईन, असं सुरेशने बोलूनही दाखवलंय. पोटचा मुलगा, पण मला जायचं नाही. म्हणून वाचनालयातल्या आयुर्वेदाच्या पुस्तकातली दिनचर्या वहीत उतरवून घेतली. पाचला उठायचं, गरम पाणी प्यायचं, तेल लावायचं, मग अंघोळ. चाळीस दिवस झाले. यंदा दिवाळी करायची नव्हती, तरी त्या पहाटेही तेल चुकवलं नाही. पाप आहे का हे? असेल तर असो.

यांच्या पाठीला शेवटची दोन वर्षं मीच तेल चोळलं. अजून तेल हातावर घेतलं की ती पाठच आठवते. तेव्हा वन्सं त्याला सेवा म्हणायच्या. तेच तेल, तेच हात. माझ्या गुडघ्यांना लागलं की थाट?

"सुरेशच्या कानावर घालते," म्हणाल्या.

"घाला ना," म्हटलं, आणि दुसरा गुडघा पुढे घेतला. जास्त बोलले का? छे. कमीच बोलले.

त्या गेल्यावर काही आणायचं नव्हतं, तरी खाली उतरले आणि परत चढले. महिन्यापूर्वी दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसावं लागायचं. आज थांबले. बसले नाही.