पदराखालचं रिव्हॉल्वर

बाबा, मी रिव्हॉल्वर घेतलं. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी गावची सरपंच झाले. वैनगंगेतून चोरून रेती नेणारे टिप्पर मी अडवले, तक्रार केली, आणि पवनीहून परतताना कुणीतरी माझ्या गाडीची काच फोडली. मग फोन आला, ‘पुढच्या टायमाले काचेवर भागणार नाही, मॅडम.’ तेव्हा मी लायसनसाठी अर्ज केला.

नागपूरच्या दुकानदारानं समोर दोन ठेवली. एकाची नळी लांब, मूठ भरदार. दुसरं जवळजवळ तळहातात मावणारं. लांब हातात घट्ट बसलं, पण जरा वाकले की पदराखालून उंचवटा दिसे. लहान कुठंच दिसेना, पण त्याच्या मुठीवर करंगळीला जागाच नव्हती. “लहान हाय म्हणून सोपं समजू नका, ताई. झटका याचाच जास्त, अन् नेम बी लवकर हुकते,” दुकानदार म्हणाला. मी उठले, बसले, मांडी घातली, पदर खोचून पुन्हा आरशासमोर उभी राहिले. नवरा म्हणाला, “लहानच घे. कोणाले दिसलं नाही पायजे.”

आणि मला तुम्ही दिसलात, मी लहान असतानाचे. धान निसवलाय, रानडुकरं माजलीत, तुम्ही बंदूक घेऊन धानाच्या बांदीकडे निघालात. ओसरीवर पाहुणे आहेत म्हणून मी लाजून बंदुकीवर दुपट्टा टाकते. तुम्ही तो भिरकावता. “झाकून काहून राहिली वो? चोरीची हाय का? दिसू दे सगळ्याईले!” आणि गावातून तशीच खांद्यावर टाकून जाता.

मी लहानच घेतलं. टिप्पर आता नदीच्या दुसऱ्या घाटावरून जातात, फोनही थांबलेत. तरी मागून मोटारसायकलचा आवाज आला की हात पदराखाली जातो. जेवताना, सभेत, देवळात, सारखी मी कंबर चाचपत असते.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पण एक गोष्ट अजून कुणालाच सांगितलेली नाही. परवा लेक होस्टेलवरून आली, धावत गळ्यात पडायला, आणि मी पटकन अंग चोरून बाजूला झाले. ती जागीच थांबली. “आई, माह्यावर रागावली का वो?” “नाही वो, घाम आलाय,” मी म्हणाले. ती घाबरेल म्हणून कमरेच्या रिव्हॉल्वरचं सांगितलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालते. खरं म्हणजे बाबा, मला लाज वाटली.