मस्कतच्या व्यापाऱ्याला वाढलेलं पान

अव्वा, तुला जाऊन आता तीस वर्षं होतील. परदेशी गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना जे सांगतो ते सगळं तुझंच असतं.

अप्पा गेल्यावर त्या मंदीच्या दिवसांत आपले बारा माग तू सांभाळलेस. त्यातले सात बंद पडले होते, विणकर मुंबईच्या गिरण्यांची वाट धरायच्या बेतात होते. अशात मस्कतचा तो व्यापारी सोलापुरात उतरला. मुंबईत कुणीतरी त्याला आपल्या लुंग्या दाखवल्या होत्या. मी, तुझा लेक, मॅट्रिक झालेला, अंगात कोट. तो सोप्यात टेकतो न टेकतो तोच मी गठ्ठे सोडले. सूत, रंग, वीण, दर, सगळं थोडं इंग्रजीत, थोडं मोडक्या हिंदुस्थानीत धडाधड सांगून टाकलं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी हसून "इन्शाल्ला" म्हणाला. मी धावतच स्वयंपाकघरात आलो. "अव्वा, सौदा झाला!"

तू भाकरी थापत होतीस. "झाला न्हाय," तू मान वर न करता म्हणालीस. "त्यानं तुला गोड बोलून न्हाय म्हटलंय. मानूस बोटीतनं, आगगाडीतनं हिंदकळत आला. पानी न्हाय, इचारपूस न्हाय, तू आपलं कापड पसरून बसलास. त्याच्या तोंडाकडं बगितलंस का एकदा तरी?"

मग पदर सारखा करून तू स्वतःच बाहेर आलीस आणि पेठेतल्या दखनी बोलीत त्याला म्हणालीस, "भाई, खाना खाको जाव." आपल्या घरात परधर्माचा माणूस तोवर कधी पानावर बसला नव्हता. तू आम्हा दोघांची पानं शेजारी शेजारी मांडलीस. कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि सणासुदीला करायचीस ती गव्हाची गोड हुग्गी. मला अजून दिसतंय, तू उंबऱ्याशी बसली आहेस आणि कापडाचं नावही काढत नाहीस. त्याची आई आहे का, पोरं किती, समुद्र कसा असतो, हेच विचारतेस. समुद्र तू जन्मात पाहिलेला नाहीस. मग सहज विचारतेस, या लुंग्या तिकडं नेसतं कोण? तो खुलतो. मोती काढणाऱ्या बोटींवरची माणसं नेसतात म्हणे, दिवसभर खाऱ्या पाण्यात. आपल्या लुंगीचा पन्हा अपुरा, रुंदीला कापड कमी, म्हणून ओली गाठ सुटते. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, आणि आपणहून यजमानाच्या मालाला नाव ठेवणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. तू मागावरच्या मास्तरला हाक मारून तेलुगूत विचारलंस. मागाची फणी बदलली तर चार बोटं पन्हा वाढेल, तो म्हणाला. हात धुऊन होताच पाहुण्यानं आपणहून मागणी दिली. दिवाळीपर्यंत बाराही माग खडखडायला लागले.

पण त्या जेवणाची बातमी थोरल्या काकांच्या कानावर गेली. दुधनीला त्यांच्या लेकीचं लग्न निघालं तेव्हा बोलावणं फक्त मला आलं. तूच माझं धोतर घडी घालून पिशवीत ठेवलंस. "जा की," म्हणालीस, "पोरीचं लगीन हाय, तिच्यावर राग कसला?" परत आलो तर तू दारातच उभी होतीस. नवरी कशी दिसत होती, जेवायला काय काय होतं, सगळं लई हौसेनं विचारलंस. आणि मग हळूच म्हणालीस, "माजं नाव निगालं का रं कुटं?"

"न्हाय गं अव्वा," मी म्हणालो.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं. नाव निघालं होतं, अव्वा. भर मांडवात काकांनी तुझं नाव घेऊन विचारलं, त्या परक्याच्या पंगतीला कोण कोण होतं. मी म्हणालो, मला ठाऊक नाही, त्या दिवशी मी घरी नव्हतो.