तळ्याकाठचे माझे श्रोते

२ डिसेंबर, सकाळी ८.१०
मेहरूण तलावाकाठच्या शांतताप्रेमी रहिवाशांनो! आपल्या सर्वांच्या कानांवर रोज सकाळी अन्याय होतो आहे आणि आपण तो मुकाट्याने सोसतो आहोत!
(सुरुवात दमदार. उद्या हीच वापरायची.)
अन्याय म्हणजे शेवंताबाईंची रसाची गाडी. उद्यानाच्या पहिल्या गेटपाशी माझा बाक, बाकाला खेटून ती गाडी, गाडीवर बॅटरीचा मिक्सर. मी धुळ्यात बत्तीस वर्षं सभा गाजवल्या. निवृत्तीनंतर इथे आलो तो शांततेसाठी, ग्रंथ लिहायला. ग्रंथ पुढच्या सोमवारपासून. तोवर फिरायला येणाऱ्यांसमोर रोज अर्धा तास बोलतो. कुणी आग्रह केला नाही, गरज मला दिसली.
आज श्रोते तीस. एक गेला की दुसरा येतो. विचार पसरतो तो असाच. विषय: समाजाची झोप. नेमकं 'जागे व्हा!' म्हणताना घर्रर्र.

४ डिसेंबर
नेमीचंदशेठ, कापडाचे मोठे व्यापारी, आज पहिल्या रांगेत. "आपण स्वतःला जाब कधी विचारणार?" असं मी गरजलो आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले, तोंड वेडंवाकडं केलं, अंगावर शहारा आला. असा परिणाम धुळ्यातही क्वचित पाहिला. हातात हिरवा ग्लास तसाच राहिला होता.
घरी सौ. प्रमिलाला सांगितलं. म्हणाली, "अहो, कारल्याचा रस प्यायला की कुणाचंही तोंड तसंच होतं." अडतीस वर्षांच्या संसारात तिने माझं एकही भाषण पूर्ण ऐकलेलं नाही. मत ग्राह्य नाही.

७ डिसेंबर, दुपार
शेवंताबाईंशी चर्चा केली. सौम्य शब्दांत. (प्रमिलाला घरात ऐकू गेलं, पण वारा तिकडचा होता.) माझं भाषण संपेपर्यंत मिक्सर बंद ठेवा, एवढीच मागणी. बाई धरणगावकडच्या, फटकळ. म्हणाल्या, "आबा, बठ्ठा लोक आठे रस पेवाले येतस. तुम्हनं भाषण त्यास्ले फुकट भेटस."
म्हणे सगळे रस प्यायलाच येतात! बिचारीला कारण आणि परिणाम यांतला फरक कळत नाही.
कॉलनी मंडळाचे सचिव लीलाधर यांच्याकडे गाडी हलवण्याचा अर्ज दिला. तीन पानी. त्यांनी दोनदा विचारलं, "नाना, नक्की ना? मग मागे फिरायचं नाही हं." मी सांगितलं, मी आयुष्यात मागे फिरलो नाही. एकदा झोपेत बोदवड स्टेशन निघून गेलं, तेव्हाही मलकापूरला जाऊनच थांबलो.

१० डिसेंबर
विजय! गाडी तळ्याच्या पलीकडे, दुसऱ्या गेटला हलवली. उद्या मिक्सरविना पहिलं भाषण. विषय: ऐकण्याची कला.
आवाज राखण्यासाठी आज दिवसभर मौन. साडेदहाला मोडलं. प्रमिलाने भाजी काय करू विचारलं, त्यावर जरा विस्ताराने बोलणं भाग पडलं.

११ डिसेंबर
श्रोते चार. थंडी फार.

१२ डिसेंबर
श्रोते दोन. लग्नसराई. त्यांतला एक बुटाची लेस बांधत होता, पण सावकाश बांधत होता.

१३ डिसेंबर
एक बगळा. प्राचीन ग्रीसचा एक थोर वक्ता म्हणे समुद्रापुढे बोलायचा. मला तलाव पुरतो.
पाच मिनिटांनी थांबलो. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी चिठ्ठी न पाठवता थांबलो.
ग्रंथाचा सोमवार होऊन गेला, हे आत्ता लक्षात आलं.

१४ डिसेंबर, सकाळी ९
केवळ व्यायाम म्हणून तळ्याला फेरी मारली. दुसऱ्या गेटला माझे तीसही श्रोते उभे! हसत होते. मी बोलत नसतानाही माणसं हसू शकतात.
नेमीचंदशेठ म्हणाले, "आवो नाना! खरं सांगू? तुमचं भाषण चालू असायचं ना, तेव्हा कारलं कडू लागायचं नाही."
डोळे पाणावले. माझे. इतकी मोकळी दाद आजवर कुणी दिली नव्हती. बाकीच्यांनाही ती पटली असावी, कारण सगळे एकमेकांना टाळ्या देत होते.
शेवंताबाईंना म्हणालो, परत चला, अर्ज मागे घेतो. मिक्सर हवा तेवढा चालवा. त्या म्हणाल्या, "तठे लोक एक ग्लास पिसन पयी जायेत, आबा. आठे दोन-दोन पेतस. मी कसाले येऊ?"
'पळून जायचे' हा शब्द त्यांनी घाईत वापरला असणार.
घरी आलो. जेवलो नाही. प्रमिलाने ताट झाकून ठेवलं. तेच जास्त लागलं.

१६ डिसेंबर, संध्याकाळ
शेवंताबाई स्वतः दारात आल्या. थंडीने त्यांचा घसा पार बसलाय. मिक्सरवरून ऐकू जाईल असा आवाज कॉलनीत एकाचाच आहे, असं त्यांनी खुणेने सांगितलं. गाडीपाशी उभं राहून रसांची नावं पुकारायची. अट एकच: नावांशिवाय अवाक्षर काढायचं नाही. शिवाय त्यांच्याकडे ग्लास कमी पडतात, तेवढं मात्र लोकांना सांगायचं.
प्रमुख वक्ता म्हणून निमंत्रण स्वीकारलं. वेळ: दीड तास. श्रोते: तीस, वाढण्याची शक्यता. प्रमिला म्हणाली, "मफलर घालून जा."
दोनदा तालीम केली. अट पाळून भाषण असं:
नागरिकांनो! दुधी! कारलं! आवळा! उद्या सकाळी सहा वाजता दुसऱ्या गेटला या, आणि येताना ग्लास घरून आणा!