नालीच्या वाटेतला कडुलिंब

उस्ताद, तुमचा कडुलिंब पडला. खामगावकडे जाणारा रस्ता रुंद होतोय, आणि आपलं गॅरेज तर अगदी रस्त्याला लागून. आधी रस्त्याकडेच्या नव्या नालीच्या वाटेत येणाऱ्या झाडांवर तोडणीसाठी रंगाचे आकडे आले, मग शाळेत जनसुनावणी लागली. पर्यावरणाचा अहवाल समजावून सांगायला इंजिनिअर साहेब आले होते. तुम्ही लावलेल्या त्या झाडाखाली मी पाना धरायला शिकलो, तिथंच कमावता झालो. झाड वाचवायचंच, असं ठरवून इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

पुढचे सगळे बोलले. कोणाला दुकानासमोर दुभाजक नको, कोणाला बसथांबा स्वतःच्याच दारात हवा. मीही बोललो. साहेब भला माणूस. म्हणाले, "नाली पलीकडून घेऊ, झाड राहील." टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून बायांची कुजबुज कानावर आली. हे कान तुम्हीच तयार केलेले. गाडी आली की मालक आपलं सांगत सुटे, तुम्ही त्याला चहा देऊन बसवायचे आणि मला म्हणायचे, "अबे, मालक समोर बसते, त्याले काय मालूम? मांगं बसते त्याले इचार, आवाज कुठून येते ते."

मी उठून मागे गेलो. आपल्या गॅरेजमागच्या, उताराखालच्या वस्तीतली म्हातारी मावशी होती.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही बापा. तुह्यं झाड राहू दे. नाली तिकडं गेली त रोडाचं पाणी आमच्या घरात येईन, दुसरं काय?"

"मंग माइकवर काऊन नाही सांगत?"

"आमच्या पोराइच्या गाड्या तूच सुधारतं. तुले आडवं कोण जाईन?"

बाया हसल्या. मला काही हसू आलं नाही. माइकची वायर ओढत तिथपर्यंत आणली. मावशी बोलली, साहेब जाऊन उतार पाहून आले, आणि नाली आपल्याच बाजूनं आली.

पावसाळ्यात वस्ती कोरडी राहिली. लोक मला समजदार म्हणतात. मी ऐकून घेतो, पण ती समज कोणाची हे मला ठाऊक आहे. कबरस्तानावरून रोजच जातो, तुमच्याजवळ थांबतोही, पण झाडाचं सांगणं होत नाही. हा कागदसुद्धा गॅरेजच्या खणातच राहणार. आणि एक. ठेकेदाराची माणसं ट्रॉली भरत होती, तेव्हा एक सरळ फांदी मी हळूच बाजूला केली. तुमच्या हातोडीला आता तिचाच दांडा आहे. सगळं गावाला विचारून झालं, उस्ताद. तेवढी फांदी मात्र कोणालाच न विचारता आणली.