मुलं विसरतात

सोमवार, ४
आले एकदाची. खोली हातभर, पण खिडकी पूर्वेला, आणि कुलपाची किल्ली माझ्या एकटीची. वहिनीच्या घरात सात वर्षं पाहुण्यासारखी राहिल्यावर किल्लीचं अप्रूप काय असतं, ते माझं मला ठाऊक.

शाळा दोन मिनिटांवर. दुसरीचा वर्ग, एकोणीस मुलं. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी स्वतः चहा करून दिला. फळ्यावरचं त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. मुलं तर दृष्ट लागावी इतकी शहाणी. मी वर्गात पाऊल टाकलं आणि सगळी उठून भिंतीकडे तोंड करून ओळीत उभी राहिली. म्हटलं, माझं तोंड इतकं का वाईट आहे? कुणी हसलं नाही.

गुरुवार, ७
‘माझं गाव’ काढायला दिलं. घरं, झाडं, कोपऱ्यात सूर्य. माणसं मात्र मधोमध आडवी. उभी होती ती कडेला, नुसती बघणारी. एकोणीसच्या एकोणीस कागदांवर हेच.

पहिल्या बाकावर एक गोबऱ्या गालांची आहे, मी तिला ठमी म्हणते. दिवसभर माझ्या मागे मागे असते. ही माणसं झोपलीत का, असं तिला विचारलं. तिने मला समजावून सांगितलं, की ही पलीकडच्या गल्लीतली माणसं आहेत, ती आता नसतात. मी ढ आहे अशा समजुतीच्या सुरात.

सोमवार, ११
मधल्या सुट्टीत त्यांचा खेळ पाहिला. एक जण कागदावरून नावं वाचतो. ज्याचं नाव येईल तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन गुडघ्यांवर बसतो. बाकीचे भोवती उभे राहून बघतात. ओरडायचं नाही, हा नियम.

घंटा देणाऱ्या मावशीला खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलली. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना यादी वाचून घराबाहेर काढलं आणि याच पटांगणात मारलं. भरदिवसा. मारणारे शेजारीपाजारीच. मुलांना नीट दिसावं म्हणून लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं. यादी कुणी लिहिली, असं विचारल्यावर मावशी फळ्यावरच्या मोठ्या बाईंच्या अक्षराकडे बघत राहिली.

मंगळवार, १२
मोठ्या बाईंशी बोलले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, मुलं विसरतात, तुम्ही उकरून काढू नका. मी म्हटलं, विसरली नाहीत, गिरवतायत. त्या वह्या तपासत राहिल्या.

शुक्रवार, १५
पहिलीतला बोबडा मुलगा सकाळपासून दिसत नव्हता. दुपारी खेळाच्या सामानाच्या पेटीत सापडला. कडी बाहेरून लावलेली. ओठ निळे, पण धुगधुगी होती. त्याला उचलून दवाखान्यापर्यंत धावले. वाचेल, असं डॉक्टर म्हणाले.

परत आले तर माझी मुलं ओळीत उभी. ठमीने विचारलं, “बाई, अजून आहे?”

आहे म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. राग नव्हता त्यात. गणित चुकल्यावर पडतो तसा.

मग म्हणाली, “पण त्याचं नाव आलं होतं.”

त्याच्या वडिलांना निरोप पाठवला. उत्तर आलं, की पोरांचा खेळ आहे, मनावर घेऊ नका.

शनिवार, १६
चौकीत गेले. साहेब म्हणजे माझ्याच वर्गातल्या एकाचे वडील. बसा म्हणाले, पाणी दिलं. कागद काही पुढे ओढला नाही. तुम्ही नवीन आहात, असं तीनदा म्हणाले.

सोमवार, १८
आज कुणी खेळलं नाही. सुट्टीभर पायऱ्यांवर बसून माझ्याकडे बघत होती.

माझ्या टेबलावर वहीचा कागद. एकच नाव — माझं. मी घोटून घेतलेल्या अक्षरात, काना-मात्रा अचूक. क्षणभर कौतुक वाटलं. देवा, कौतुक वाटलं मला —

उद्या अकराच्या गाडीने जाते. वहिनी बोलेल ते ऐकून घेईन.

मंगळवार, १९
हजेरीपट तेवढा ठेवून निघणार होते. वर्गाचं दार बाहेरून लागलं. खिडकीला गज.

हाक मारली. मोठ्या बाई समोरच्या खोलीत आहेत — बघितलं माझ्याकडे — पडदा ओढून घेतला.

मावशी फाटक लावतेय.

मुलं पटांगणात. रांगेने येतायत, धक्काबुक्की नाही. दप्तरं जड दिसतात. एकाच्या दप्तरातून दगड पडला, त्याने तो उचलून फुंकून परत ठेवला.

कुणी हे वाचलं तर — पोरांना दोष देऊ नका, त्यांना —

कडी निघाली. ठमी पुढे. हसतेय. माझा उजवा हात धरलाय, डाव्याने लिहितेय —

म्हणते, “बाई, चपला आधी काढायच्या असतात. त्या नंतर वाटून —”

मी काढल्या. का काढल्या मी —