कोटाच्या पाच गुंड्या

२ मार्च, रविवार
खान्देश बटण संग्राहक मंडळाची आज रीतसर स्थापना. स्थळ: आधारभाऊ शिंप्याचं दुकान, पारोळा. अध्यक्ष मी, सचिव आधारभाऊ. सदस्य तूर्त एवढेच. आधारभाऊ म्हणाले, नवलभाऊ, अध्यक्ष तुम्हीच व्हा, मला काजं करायची आहेत. पेपरला बातमी पाठवली.
संग्रह मोजला. एक हजार एकशे चाळीस. शिंपल्याची, शिंगाची, करवंटीची. सविता म्हणते, घरात हजार बटणं अन् तुमच्या सदऱ्याला दोन कमी. बायकोला संग्रह आणि वापर यातला फरक कळत नाही.

९ मार्च, सकाळ
बातमी नाही. वार्ताहर लोक मत्सरी.
नाशिकच्या क्लबचं पत्रक व्हॉट्सॲपवर आलं. २० एप्रिलला धुळ्यात बटणांचं प्रदर्शन, स्पर्धेसह. पुठ्ठ्यावर एकाच विषयाची बटणं शिवून न्यायची. नियमांची सहा पानं, इंग्रजीत. पहिलं वाचलं. बाकीची अंदाजाने कळतात.
पहिला नंबर निश्चित. प्रश्न फक्त विषयाचा.

१४ मार्च, धुळवड
विषय मिळाला. पूजेनंतर डोळे उघडले, तर समोर खुंटीवर वडिलांचा कोट. नरडाणा स्टेशनवर पॉइंट्समन होते. जाऊन अकरा वर्षं झाली. काळा कोट, पाच पितळी गुंड्या, त्यांवर रेल्वेची उठावाची अक्षरं. हा संकेतच म्हणायचा.
आई त्या कोटाला कुणाला हात लावू देत नाही. मोतीबिंदू वाढल्यापासून रोज संध्याकाळी वरून खाली पाचही गुंड्या चाचपते, मगच जेवते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरते, तेव्हा शेजारी हा कोट ठेवून नैवेद्य दाखवते.
आखाजी ३० एप्रिलला. मध्ये दहा दिवस मोकळे. गुंड्या परत शिवायला दहा मिनिटं लागतात. म्हणजे यात फसवणूक नाही.

१६ मार्च
आई अंघोळीला गेली तेव्हा ब्लेडने गुंड्या काढल्या. आधी नमस्कार केला. कोट आधारभाऊंकडे ठेवला. आईला सांगितलं, ड्रायक्लीनला दिला. ती म्हणाली, अकरा वरीसमा कधी धोया नही, आतेच काय मळना?
प्रायश्चित्त म्हणून एक उपवास करायचा.

२३ मार्च
परवा पापमोचनी एकादशी. तो उपवास त्यातच धरला.
गुंड्या काळ्या पडल्यात. अशा चार लोकांपुढे न्यायच्या? देवघरातला बाळकृष्ण दर एकादशीला मीच घासतो. चिंच, मीठ, शेवटी विटेचं पीठ. त्याला नाक आता फारसं उरलेलं नाही, पण तेज बघावं!

२५ मार्च
आधी बाळकृष्ण, मग गुंड्या. तीन तास. सोनं झालं. अक्षरं जरा कमी दिसतात. चकाकीमुळे तसं होतं.

६ एप्रिल
आई रोज विचारते, कोट उना का रे? मी सांगतो, लग्नसराई आहे, दुकानात गर्दी. संध्याकाळी रिकाम्या खुंटीवर हात फिरवते. दोन घास खाऊन उठते. सविता बोलत नाही. चांगल्या कामाला आधी घरातूनच विरोध होतो.
सत्काराला उत्तर म्हणून भाषण लिहिलं. तीन पानं.

२० एप्रिल, धुळे
सकाळची एसटी. एकटाच. आधारभाऊंना नवरीचे ब्लाउज होते.
परीक्षक मोनाली नावाची मुलगी, हातात भिंग. माझ्या पुठ्ठ्यापुढे बराच वेळ थांबली. मला वाटलं, भारावली. म्हणाली, काका, या घासल्यात का? मी अभिमानाने सगळी कृती सांगितली. विटेच्या पिठासकट. ती हळू आवाजात म्हणाली, जुनं पितळ घासायचं नसतं काका, चौथ्या पानावर लिहिलंय. यांची ओळखच गेली. स्पर्धेत नाही घेता येणार. मग विचारलं, कुणाच्या होत्या? मी म्हटलं, वडिलांच्या. ती म्हणाली, अहो, मग कोटावरच राहू द्यायच्या ना.
या पिढीला स्वच्छतेचं महत्त्व नाही. भाषण खिशातच राहिलं.

२७ एप्रिल
आधारभाऊंनी गुंड्या शिवून दिल्या. जागच्या जागी. म्हणाले, आता मंडळातून माझं नाव काढा.
नाशिकला निषेधाचं पत्र लिहायचं, मंडळाच्या लेटरहेडवर. आधी लेटरहेड छापायचं.
आईची काळजी नाही. तिला दिसतं कुठे?

३० एप्रिल, आखाजी
घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. पुरणपोळी, आमरस. मी कोट आईच्या हातात दिला. म्हटलं, घे, आला बघ.
तिने वरची गुंडी चाचपली. मग दुसरी. पाचही झाल्या. पुन्हा वरून सुरू केलं. अंगठा गुंडीवर फिरवत राहिली. मग म्हणाली, ह्या त्यासन्या गुंड्या नहीत. हाऊ कोना कोट शे?
मी सांगितलं, आई, बाबांचाच आहे. बाळकृष्णाची शपथ घेतली. तिने कोटाची नीट घडी केली, माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, ज्यासना शे त्यासले परत दी ये. कोनी तरी वाट दखत व्हई.
नैवेद्य नुसत्या घागरीला दाखवला. आई जेवली नाही.
दुपारचे तीन. कोट अजून मांडीवर. गुंड्या इतक्या लख्ख आहेत की पाचही गुंड्यांत माझं तोंड दिसतं.